मोफत ऑफिस सॉफ्टवेअरकडे वळताना या चुका टाळा

लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर बसवलं की बहुतेक जण आधी एखादी जुनी वर्डची फाइल उघडून पाहतात. मजकूर दिसतो, तक्ते दिसतात, आणि ‘चालतंय’ म्हणून कामाला लागतात. दोन आठवड्यांनी पलीकडून निरोप येतो: तक्ता पानाबाहेर गेलाय, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. मग सगळा दोष नव्या सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. मी अनेकांना या बदलात मदत केली आहे. त्यांच्याकडची बरीचशी गडबड थोडी माहिती असती तर टळली असती, म्हणून हे लिहितो आहे.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे एकच फाइल दोन स्वरूपांत पुन्हापुन्हा फिरवणं. लिबरऑफिसचं स्वतःचं स्वरूप ओडीएफ. त्याला २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकाचा दर्जा मिळाला. वर्ड २००७पासून आलेलं डॉकएक्स हे मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या स्वरूपांच्या कुटुंबातलं; ते २००८ मध्ये आयएसओ मानक झालं. दोन्ही फाइली आतून झिप केलेलं एक्सएमएलच (खुणा घातलेला साधा मजकूर) असतात, पण परिच्छेद, शैली, चौकटी यांची नोंद ठेवण्याची दोघांची रीत वेगळी. लिबरऑफिसमध्ये डॉकएक्स सेव्ह करता तेव्हा दर वेळी भाषांतर होतं. एका भाषांतरात फारसं बिघडत नाही. माझा चाळीस पानांचा एक अहवाल मात्र ओडीटी (ओडीएफमधली लेखनाची फाइल), डॉकएक्स, पुन्हा ओडीटी असा पाच-सहा वेळा फिरला आणि शेवटी त्यातल्या क्रमांकित यादीतला प्रत्येक मुद्दा ‘१’पासून सुरू व्हायला लागला. तो दुरुस्त करण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून मूळ प्रत कोणत्या स्वरूपात राहणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. काम तुमचं एकट्याचं असेल तर ओडीटी ठेवा आणि ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना पीडीएफ पाठवा. समोरचा वर्डमध्ये बदल करून परत पाठवणार असेल, तर ती फाइल पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत डॉकएक्सच राहू द्या. सेव्ह करताना ‘कीप करंट फॉरमॅट?’ असं विचारणारी खिडकी न वाचता बंद करू नका. नेहमीचं स्वरूप टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ठरवता येतं. जुनं डॉक स्वरूप समोरच्याने मुद्दाम मागितलं तरच वापरा.

पानांची मांडणी सरकली की लोक सॉफ्टवेअरला बोल लावतात; मी आधी फॉन्ट पाहतो. वर्डचा २००७ ते २०२३ या काळातला नेहमीचा फॉन्ट कॅलिब्री, आणि तो सगळ्या संगणकांवर नसतो. तो नसला की दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि तिसऱ्या पानावरचा तक्ता चौथ्यावर जातो. यावरचा तोडगा लिबरऑफिससोबतच येतो: कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचे लिबरेशन फॉन्ट. अक्षरांची वळणं वेगळी, रुंदी तीच, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. फॉन्टच्या चौकटीतलं नाव तिरप्या अक्षरांत दिसलं तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही असं समजा. नेमका तोच फॉन्ट हवा असेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथून तो फाइलमध्येच एम्बेड करता येतो; फाइल जड होते, पण निश्चिंती मिळते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना इथे आणखी एक गाठ सोडवावी लागते. दोन्ही स्वरूपांत रोमन मजकुराचा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगवेगळा नोंदवला जातो. म्हणूनच कधी कधी शीर्षकातला इंग्रजी शब्द सोळाच्या आकारात ठळक दिसतो आणि शेजारचा मराठी शब्द बाराच्या आकारात बारीकच राहतो. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा विभाग) मराठी निवडा, मग शैलीतच (स्टाइलमध्ये) देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ठरवा. एकेक शब्द निवडून दुरुस्त करत बसलात तर पुढच्या फाइलमध्ये तेच दुखणं पुन्हा येईल. जुनी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरं दिसत असतील तर ती कृतिदेवसारख्या, युनिकोड (अक्षरं साठवण्याची सगळीकडे चालणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याला पर्याय नाही, मग ऑफिस कुठलंही वापरा.

मांडणी सरकण्याचं उरलेलं कारण आपल्याच बोटांत असतं: स्पेसबार दाबदाबून मजकूर मध्यावर आणणं, टॅब मारून रकाने पाडणं, रिकाम्या ओळी देत नव्या पानावर जाणं. फॉन्ट जरा बदलला की हा डोलारा कोसळतो. नव्या पानासाठी कंट्रोल+एंटर, रकान्यांसाठी तक्ता आणि शीर्षकांसाठी हेडिंग शैली वापरली की तीच फाइल दोन्हीकडे जवळजवळ सारखी दिसते.

स्प्रेडशीटमधल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटते. दुसऱ्या प्रोग्रामने तयार केलेली एक्सएलएसएक्स (एक्सेलची) फाइल उघडताना कॅल्क, म्हणजे लिबरऑफिसचं स्प्रेडशीट, नेहमीच्या सेटिंगनुसार सूत्रं नव्याने सोडवत नाही, फाइलमध्ये साठवलेलं उत्तर दाखवतं. आकडा शंकास्पद वाटला तर कंट्रोल+शिफ्ट+एफ९ दाबून सगळं पुन्हा मोजून घ्या. ऑप्शन्समध्ये कॅल्कच्या फॉर्म्युला पानावर हे कायमचंही ठरवता येतं. एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो (फाइलमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम) काही चालतात, काही अडतात. ज्या फाइलवर हिशेबाचा डोलारा उभा आहे तिचा प्रत्येक मॅक्रो चालवून पाहिल्याशिवाय ती हलवू नका. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) उघडताना येणारी खिडकी घाईत ओके करू नका: अक्षरसंचासाठी यूटीएफ-८ निवडा, आणि शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ म्हणा, नाहीतर ती शून्यं जातात. मोठी यादी जुन्या एक्सएलएस स्वरूपात सेव्ह कराल तर ६५,५३६ ओळींच्या पुढचं सगळं कापलं जातं. एक्सएलएसएक्समध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे.

प्रेझेंटेशनबद्दल एवढंच सांगतो: ज्या संगणकावर दाखवायचंय त्यावरच एकदा पूर्ण चालवून पाहा. अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ तिथेच दगा देतात.

निवडीतही गफलत होते. ओपनऑफिस या जुन्या मोफत ऑफिसचं नाव अनेकांच्या कानावर आहे, म्हणून ते तेच बसवतात. पण २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं झालं आणि नवी भर मुख्यतः तिकडेच पडत गेली. ओपनऑफिस (आताचं नाव अपाची ओपनऑफिस) डॉकएक्स उघडतं, त्या स्वरूपात सेव्ह मात्र करत नाही. तुमची रोजची देवाणघेवाण डॉकएक्समध्येच असेल तर ओन्लीऑफिस हे आणखी एक मोफत ऑफिसही तपासा. ते मुळात ओओएक्सएमएलवरच बेतलेलं आहे.

आणि जुनं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी काढून टाकू नका. चाचणीसाठी एका पानाचं पत्र घेऊ नका. तुमच्याकडची सगळ्यात किचकट फाइल काढा, जिच्यात तळटीपा, सुचवलेले बदल, तक्त्यात तक्ता असं सगळं आहे. तिची नक्कल करा, उघडा, एक वाक्य बदला, सेव्ह करा, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलशेजारी ठेवून पानागणिक पडताळा. मध्येच लिबरऑफिस विचित्र वागू लागलं तर पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा. तिथे सुरळीत चाललं तर बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेंशनमध्ये (वरून जोडलेल्या सोयीत) आहे, आणि ते त्याच खिडकीतून बंद करता येतं.