परदेशातली मॅरेथॉन आणि ग्रुप टूर: या चुका टाळा

रंकाळ्यावर पहाटे एकत्र पळणारा ग्रुप बर्लिनला जायचं ठरवतो आणि पहिली चूक तिथेच, चहाच्या टपरीवर होते. "विमानाची तिकिटं स्वस्त आहेत, काढून टाकू. नंबर लागेलच." बर्लिनचा प्रवेश ड्रॉनं मिळतो. 14 जणांनी तिकिटं काढली आणि ड्रॉमध्ये 5 जणांचीच नावं निघाली, तर बाकीच्यांनी काय करायचं? अधिकृत टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये प्रवेश पक्का असतो, पण महाग पडतो. म्हणून आधी प्रवेश, मग तिकीट.

जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांच्या ठशांसाठी पुणे-मुंबई गाठावी लागते, त्यामुळे अपॉइंटमेंट शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. शर्यतीतली दुखापत त्यात धरली आहे का, हे मात्र विचारून घ्या. बहुतेक जण विचारत नाहीत.

आता सगळ्यात मोठी चूक. मी स्वतः केली आहे, म्हणून कळकळीनं सांगतोय. बर्लिनची शर्यत रविवारी असते आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, त्याआधीच, पासपोर्ट दाखवून, स्वतः जाऊन घ्यावा लागतो. शनिवारी बिब घेतला आणि "एवढ्या लांब आलोय तर बघून घेऊ" म्हणत आम्ही म्युझियम आयलंड, कॅथेड्रल, भिंतीचे अवशेष असं सगळं पायी फिरलो. रात्री घड्याळात 23,000 पावलं दिसली. दुसऱ्या दिवशी 32व्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला. बोटं आत वळली, टाच टेकेना. रेलिंग धरून उभा राहिलो, तेव्हा एक म्हातारी जर्मन बाई स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजत होती. चार महिने कोल्हापूरच्या पावसात, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवत केलेला सराव एका दिवसाच्या फिरण्यानं वाया गेला. सहल शर्यतीनंतर ठेवा. घरच्यांना आधी फिरायचं असेल तर त्यांना खुशाल जाऊ द्या, तुम्ही हॉटेलवर पाय वर करून पडा.

पळायचे बूट आणि कपडे केबिन बॅगेतच ठेवा. पळताना ताकदीसाठी खायची एनर्जी जेल द्रव धरतात, 100 मिलीचा नियम त्यांनाही लागू होतो. खजूर आणि गुळाची चिक्की मात्र बिनधास्त न्या. सरावात खाल्लं तेच शर्यतीत खा.

ग्रुपमधला एखादा आजारी पडला म्हणून त्याचा बिब दुसऱ्यानं लावू नये. पळणारा बाद होतोच, शिवाय वाटेत कोसळला तर डॉक्टरांच्या हाती माहिती भलत्याच माणसाची पडते.

भेटायची जागा आदल्या दिवशी, नकाशावर बोट ठेवून ठरवा. आमच्यातल्या एकाची आई "ब्रँडेनबुर्ग दरवाजापाशी भेटू" एवढ्याच निरोपावर दोन तास उभी होती. अंतिम रेषा त्या दरवाजाच्या पुढे आहे आणि ती ओलांडल्यावर गर्दीतून उलटं येता येत नाही. पोराचा फोन सामानाच्या काउंटरवर होता. शेवटी ती माउली सापडली ती रस्त्याच्या कडेला, हातात त्याचं स्वेटर घट्ट धरून बसलेली. आता आम्ही शर्यतीनंतर थेट हॉटेलच्या लॉबीत भेटतो, आणि परतीचं विमान मंगळवारच्या आधी घेत नाही.