अँटिबायोटिक घेताना या चुका टाळा: नमुना आधी, गोळी नंतर

लघवीला जळजळ, अंगात कणकण, आणि घरात मागच्या आजारातली अर्धी पट्टी पडलेली. त्यातल्या दोन गोळ्या घेतल्या जातात, जरा बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप चढतो आणि मग तपासणीची आठवण होते. नमुना देण्याआधी गोळी घेण्याची ही चूक सगळ्यात महागात पडते. त्या दोन गोळ्यांनी जिवाणू मरत नाहीत, पण कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याच्या तपासणीत, वाढणार नाहीत इतके दबतात. रिपोर्ट येतो 'वाढ आढळली नाही' आणि जंतुसंसर्ग मात्र मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असतो. कुठलं औषध लागू पडेल हे सांगणारा पुरावा हातचा गेल्यामुळे डॉक्टरांना अंदाजाने, अनेक प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं औषध द्यावं लागतं. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंनाही त्याचा मार बसतो आणि प्रतिकार करणारे तेवढे मागे उरतात.

साध्या जळजळीला दर वेळी कल्चर लागतंच असं नाही. ताप, कुशीत दुखणं, गरोदरपण किंवा पुन्हा पुन्हा होणारा त्रास असेल तर मात्र ते हवंच. जागा स्वच्छ धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये 4 अंशांवर ठेवा, म्हणजे 24 तासांपर्यंत चालते. बाहेर उबेत ठेवली तर ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो आणि रिपोर्ट फुगतो. 'नमुना आधी, गोळी नंतर' या नियमाला एक अपवाद आहे. रक्तदाब घसरलाय, रुग्ण बरळतोय, अशा वेळी रक्ताचे नमुने लगेच घ्यावेत, पण त्यांच्यासाठी औषध अडवून ठेवू नये.

रिपोर्ट हातात आल्यावर होणारी चूक शिकाऊ डॉक्टरही करतात. औषधांसमोरचे एमआयसीचे, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं त्याचे, आकडे पाहून सर्वांत लहान आकड्याचं औषध निवडलं जातं. हे साफ चूक आहे. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर 1 असेल तर ते निकामी आणि अमिकासिनसमोर 2 असेल तर ते चालणारं. आधी एस (औषध लागू पडतं) की आर (जिवाणू दाद देत नाही) ते बघा, मग संसर्ग कुठे आहे आणि औषध तिथवर पोचतं का ते बघा. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात उत्तम चालतं, पण मूत्रपिंडाच्या संसर्गात त्याचा भरवसा धरता येत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. हिरवा कफ दिसला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचा असतो, साध्या सर्दीतही येतो. दिवसातून तीनदा म्हणजे दर आठ तासांनी. अमॉक्सिसिलिनची रक्तातली पातळी साधारण तासाभरात निम्मी होते, त्यामुळे दोन डोस जवळजवळ आणि तिसरा रात्रभराने घेऊन उपयोग नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन लोह, कॅल्शियम वा अँटासिडबरोबर घेतलं तर ते आतड्यातच अडकून राहतं. मुलांच्या ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी बरोबर खुणेपर्यंत घाला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि सात दिवसांनी टाकून द्या.

कोर्स किती दिवसांचा, याबाबत दोन्ही टोकं वाईट. ताप उतरला म्हणून स्वतःच्या मनाने थांबू नये आणि सवयीने दहा दिवस लांबवूही नये. साध्या न्यूमोनियात तब्येत स्थिर झाली असेल तर पाच दिवस बहुधा पुरतात. क्षयरोगाचे नेहमीचे सहा महिने मात्र कमी करायचे नाहीत. चिठ्ठीवर औषध बंद करण्याची तारीख लिहून मागावी, एवढी सवय तरी प्रत्येकाने लावून घ्यावी.

'हे चाललं नाही तर नवीन येईल' हा भरवसा सगळ्यात पोकळ. कोलिस्टिन मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून बाजूला पडलं होतं. बाकीची औषधं हरल्यावर तेच शेवटचा आधार म्हणून परत आणावं लागलं. इकडे जनावरांच्या खाद्यातून त्याचा वापर चालूच होता, आणि 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 या, जिवाणूला कोलिस्टिनपासून वाचवणाऱ्या जनुकाची बातमी आली. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर असतं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. नव्या औषधांना तर बाजारच मिळत नाही, कारण चांगलं नवं अँटिबायोटिक राखून ठेवावं लागतं आणि राखलेलं औषध खपत नाही. अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला अमेरिकेत 2018 मध्ये मंजुरी मिळाली आणि 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. म्हणूनच इंग्लंडने 2022 पासून सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-एविबॅक्टम या दोन औषधांसाठी खप न बघता वर्षाला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. औषध कमी वापरूनही ते बनवणारा टिकेल, अशी व्यवस्था बाकीच्या देशांनीही लवकर उभी करायला हवी.