गुलाबाची कळी न उमलताच कुजते? या चुका टाळा

हिवाळ्यात अवकाळी पावसाने दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले की, गुलाबाच्या कळ्या अर्धवट उमलून थांबतात, बाहेरच्या पाकळ्या तपकिरी पडून एकमेकींना चिकटतात आणि कळी देठाशी मान टाकते. हे काम बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीचे. द्राक्षाचे मणी आणि स्ट्रॉबेरी कुजवणारी करडी बुरशी तीच.

पहिली चूक निदानातच होते. पाकळ्यांच्या कडा करपलेल्या दिसल्या की फुलकिडे समजून कीटकनाशक फवारले जाते; एका हिवाळ्यात मीही तेच करून तीन आठवडे वाया घालवले. फुलकिड्यांचा जोर कोरड्या, उबदार हवेत असतो आणि फूल पांढऱ्या कागदावर झटकले की ते बारीक, लांबट किडे चालताना दिसतात. बुरशीचे ठिपके फिकट पाकळीवर आधी टाचणीच्या डोक्याएवढे, लालसर उमटतात. तरीही शंका उरल्यास कळी ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून घरात ठेवावी. दोन-तीन दिवसांत तिच्यावर करडी लव चढली, तर बुरशीच आहे. ती पिशवी मात्र बागेत उघडू नये, कारण जराशा धक्क्यानेही लवेतून बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, धुरासारखे उडतात.

संध्याकाळी पाइपने झाडावरून पाणी मारण्याची सवय घातक आहे. आधीच दहिवराने भिजणारी कळी मग रात्रभर ओली राहते आणि बीजाणू रुजायला काही तासांची ओल पुरते. पाणी सकाळी, आळ्यातच द्यावे.

सर्वांत महागात पडते ते सुकलेली फुले झाडावर तशीच राहू देणे. बुरशी त्यांच्यावर वाढते आणि तेथून शेजारच्या कळ्यांवर जाते. उघडीप असताना, झाड कोरडे झाल्यावर अशी फुले निरोगी पानापर्यंत कापून थेट पिशवीत टाकावीत. घरच्या कंपोस्टमध्ये ती घालू नयेत, कारण बुरशी मरेल एवढी उष्णता तेथे बहुधा तयार होत नाही.

कुजलेली पाकळी कोणत्याही फवारणीने बरी होत नाही. औषध वाचवते ते पुढच्या कळ्यांना. त्यातही कार्बेन्डाझिम हे एकच बुरशीनाशक पुन्हा पुन्हा फवारल्यास त्याला दाद न देणारी बुरशी मागे उरते, म्हणून लेबल वाचून वेगळ्या गटातील बुरशीनाशक आलटून-पालटून वापरावे. युरियाचा मारा केल्यास फूट लुसलुशीत आणि दाट होते, आत वारा खेळत नाही; अशा वेळी मधल्या एक-दोन काड्या विरळ कराव्यात. दाट पाकळ्यांच्या जातींना हा त्रास अधिक होतो. त्यांची कुंडी पावसाच्या दिवसांत छपराखाली, पण वाऱ्याच्या जागी सरकवावी.