कमी किमतीच्या फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर घरी कसा तपासावा

‘फुल फ्रेम’ म्हटलं की सेन्सरचा आकार कळतो, साधारण ३६ × २४ मिलिमीटर. दर्जा कळत नाही. कॅनन ईओएस आरपी (२०१९) आणि निकॉन झेड ५ (२०२०) हे दोन्ही आपापल्या कंपनीच्या फुल फ्रेम रांगेतले स्वस्त कॅमेरे. एकाचे २६, दुसऱ्याचे २४ मेगापिक्सेल. पण आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) १०० वर काढलेल्या फोटोतल्या सावल्या उजळायला घेतल्या, की आरपी लवकर हार मानतो. आयएसओ १६०० च्या पुढे हीच दरी बरीचशी बुजते. म्हणून दुकानात सगळे करतात तसे आयएसओ वाढवून फोटो काढण्यापेक्षा कमी आयएसओवरच्या सावल्या तपासा. स्वस्त सेन्सरमधला फरक तिथे दिसतो. जुना कॅमेरा घेताना तर ही तासाभराची तपासणी टाळूच नये.

आधी मांडणी

ट्रायपॉड, एकच लेन्स, मोकळं कार्ड आणि भरलेली बॅटरी घ्या. फाइल रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली माहिती) ठेवा. १४ बिट (छटांची बारकाई) आणि लॉसलेस किंवा अनकॉम्प्रेस्ड (माहिती न गमावणारा) असा पर्याय असेल तर तोच निवडा. हाय आयएसओ आणि लाँग एक्स्पोजर या दोन्हींचं नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारी सोय) बंद करा. सावल्या आपोआप उजळणारी सोयही बंद (कॅननमध्ये ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग, सोनीत डीआरओ). जेपीईजीवरून निष्कर्ष काढू नका. कॅमेऱ्याने त्यावर आधीच रंगरंगोटी केलेली असते.

पायरी १ : सावल्या

खोलीत गडद कापड, लाकडी फळी आणि एखादी रंगीत वस्तू असा देखावा लावा. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८. योग्य एक्स्पोजर समजा १/४ सेकंदाला येतं. मग १/८, १/१५, १/३०, १/६० आणि १/१२५ असे आणखी पाच फोटो काढा. प्रकाश निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप, म्हणून शेवटचा फोटो पाच स्टॉप अंधारा झाला. डार्कटेबल किंवा रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटो तितकेच स्टॉप उजळा आणि पहिल्याशी ताडून बघा.

सगळीकडे सारखे बारीक दाणे दिसले तर काळजी नको. प्रकाशच कमी पोहोचला, त्याचा तो परिणाम. आडवे-उभे पट्टे किंवा काळ्या कापडावर जांभळट-हिरवट झाक दिसली तर दोष सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा. तीन स्टॉपपर्यंत स्वच्छ राहणारा सेन्सर बहुतेकांना पुरतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी मात्र चार आणि पाच स्टॉप अंधारे फोटो नीट बघावेत. काळा कोट आणि पांढरी साडी एकाच चौकटीत आली, की याच दोन स्टॉपांची गरज पडते.

पायरी २ : आयएसओ कॅमेऱ्यात वाढवायचा की नंतर?

शटर आणि अ‍ॅपर्चर न हलवता एक फोटो आयएसओ १६०० वर काढा, दुसरा १०० वर. दुसरा चार स्टॉप उजळा. दोन्ही सारखे दिसले तर कमी आयएसओ ठेवून पांढरा भाग वाचवता येईल. १०० चा फोटो गढूळ दिसला तर आयएसओ कॅमेऱ्यातच वाढवायची सवय लावा; आरपीला ती लागते. सोनी ए७ थ्रीमध्ये आयएसओ ६४० पासून सेन्सर दुसऱ्या गेनवर (सिग्नल वाढवायच्या पातळीवर) जातो. त्यामुळे तिथे ५०० वर अडकण्यापेक्षा सरळ ६४० घेतलेला बरा.

दोन वेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करताना दोन्ही फोटो एकाच मापाला आणा. १०० टक्के झूम करून बघितलं, तर जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा उगाच वाईट ठरतो. क्रॉप मोडही (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा) बंद आहे ना ते बघा. तो चालू राहिला तर सेन्सरचा निम्म्याहून कमी भागच वापरला जातो.

पायरी ३ : हट्टी ठिपके

लेन्सला टोपी लावा, आयएसओ १६००, ३० सेकंद. लाल, निळे, पांढरे टोकदार ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल. सेन्सर तापला की ते वाढतात, म्हणून व्हिडिओ काढून झाल्या झाल्या ही चाचणी घेऊ नका. मोजके ठिपके नव्या कॅमेऱ्यातही असतात. मेनूत पिक्सेल मॅपिंग (असे ठिपके झाकायची सोय) असेल तर ते चालवून पुन्हा बघा. रोजच्या १/१२५ सेकंदाच्या फोटोतही तेच ठिपके टिकले, तर सर्व्हिस सेंटर गाठावं.

पायरी ४ : धूळ

एफ १६, आयएसओ १००, समोर पांढरी भिंत, फोकस मुद्दाम बिघडवलेला. एक सेकंदाचं एक्स्पोजर द्या आणि तेवढ्या वेळात कॅमेरा हळूच हलवा, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतील. तरीही जे काळपट ठिपके एकाच जागी राहतात ती धूळ. लेन्स काढताना सेन्सर उघडा राहणाऱ्या कॅमेऱ्यांत ती लवकर बसते. कॅमेरा बंद करून, माउंट खाली धरून हातपंप ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे कण काचेवर वाळतात.

पायरी ५ : इलेक्ट्रॉनिक शटर

फिरता पंखा मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही शटरने टिपा. इलेक्ट्रॉनिकमध्ये पाती जितकी वाकडी, तितका सेन्सर सावकाश वाचला जातो. आरपी किंवा कॅननच्याच आर ८ मध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनशी (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल पडद्याने) तुलना करा. एलईडी दिव्यांखाली पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.