इंग्रजी ऐकताना नेमके अडते कुठे? या चुका टाळा

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही पदवीपर्यंत पोहोचलेल्या अनेक विद्यार्थ्यांची तक्रार तीच असते, की वाचलेले इंग्रजी कळते, पण बोललेले कळत नाही. त्यावर ‘भरपूर ऐकत जा’ असा ठरलेला सल्ला मिळतो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण न कळण्याचे कारण न शोधता केवळ ऐकण्याचे तास वाढवले, तर न कळलेले भाग सोडून देऊन उरलेल्यावर अंदाज बांधण्याची सवय तेवढी पक्की होते. पुढे ज्या चुका दिल्या आहेत त्या मुख्यतः मराठी भाषकांच्या आहेत. त्यांतील काही कोणत्याही शिकणाऱ्याच्या असू शकतात, पण काहींचे मूळ मराठीच्या घडणीतच आहे.

निदान न करता सराव सुरू करणे

ज्याचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दशः लिखित मजकूर, उपलब्ध आहे असे साधारण एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण निवडावे. मजकूर न पाहता ते दोनदा ऐकावे, जेवढे कळले तेवढे लिहून काढावे आणि मगच मजकूर वाचावा. मजकूर वाचूनही अर्थ लागत नसेल, तर अडचण शब्दसंग्रहाची किंवा विषयाच्या माहितीची आहे आणि तिचा उपाय वाचनात आहे. वाचताच सगळे कळले आणि ‘एवढे सोपे वाक्य होते?’ असे वाटले, तर अडचण ध्वनी ओळखण्याची आहे. शब्द ऐकू आले, लिहिताही आले, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरली, तर अडचण अर्थ लावण्याच्या वेगाची आहे. या तीन दुखण्यांवर तीन निरनिराळे उपाय आहेत. चांगले वाचन असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत दुसरे कारण सर्वाधिक आढळते, आणि नेमका त्याचाच विचार शाळेत किंवा शिकवणीत क्वचित होतो.

शब्द छापल्याप्रमाणे ऐकू येतील अशी अपेक्षा बाळगणे

आपण इंग्रजी शब्द आधी डोळ्यांनी शिकतो. पुस्तकात प्रत्येक शब्दापुढे मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. शिवाय मराठी बोलताना आपण बहुतेक अक्षरांना जवळपास सारखे वजन देतो. इंग्लंड-अमेरिकेतील इंग्रजीत मात्र अर्थवाही शब्दांवर जोर पडतो आणि मधले ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘हिम’, ‘हर’, ‘अँड’ यांसारखे छोटे शब्द दबून जवळजवळ नाहीसे होतात. त्यांतील स्वर पुसट ‘अ’ होतो आणि आरंभीचा ‘ह’ गळतो. त्यामुळे ‘टेल हर’ हे दोन शब्द प्रत्यक्षात ‘टेलर’ असे कानावर येतात आणि ऐकणारा वाक्यात शिंपी कुठून आला याचा विचार करत बसतो. ‘इज ही’ चे ‘इझी’ होते, ‘डिड यू’ चे ‘डिजू’, ‘शुड हॅव’ चे ‘शुडव’ किंवा ‘शुडा’, आणि ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे वाक्य ‘व्हॉट्या गना डू’ इतके आकसते. हा आळशी किंवा अशुद्ध उच्चार नव्हे. सुशिक्षित माणसे औपचारिक बैठकीतही असेच बोलतात.

याच नियमातून सर्वांत महागात पडणारा एक गोंधळ निर्माण होतो. अमेरिकी बोलण्यात होकारार्थी ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये आला की तो बहुधा ‘कन’ असा दबका असतो. नकारार्थी ‘कान्ट’ चा उच्चार तिथे ‘कॅन्ट’ होतो आणि त्यातला शेवटचा ‘ट’ बहुतेकदा जिभेवरच अडतो. परिणामी मराठी कानाला स्पष्ट, ठसठशीत ‘कॅन’ ऐकू येतो आणि ‘ते करू शकतील’ असा निष्कर्ष निघतो, तर बोलणाऱ्याने नेमके उलट सांगितलेले असते. अशा ठिकाणी शेवटच्या ‘ट’ ची वाट पाहण्यात अर्थ नाही. शब्द दबला असेल तर होकार आणि त्यावर जोर असेल तर बहुधा नकार, ही खूण अधिक भरवशाची आहे.

शब्दांच्या आतही हाच प्रकार चालतो. ‘कम्फर्टेबल’ ऐकू येतो तो ‘कम्फ्टबल’ म्हणून, आणि अमेरिकी माणसाचे ‘वॉटर’ आपल्या कानाला ‘वॉडर’ किंवा ‘वॉरर’ वाटते. म्हणून नवा शब्द शिकताना त्याचे स्पेलिंग आणि अर्थ यांच्याबरोबर शब्दकोशातील ध्वनिचिन्ह दाबून उच्चार ऐकावा आणि शक्य असेल तर तो शब्द एका पूर्ण वाक्यात ऐकावा. सुटा उच्चार आणि वाक्यातला उच्चार यांत पुष्कळ अंतर असते.

या दुखण्यावर जुने श्रुतलेखन हा सर्वांत चांगला उपाय आहे. शाळेत ते स्पेलिंगसाठी घेतले जात असे, येथे ते कानासाठी घ्यायचे आहे. अर्ध्या ते एक मिनिटाचा तुकडा वाक्यावाक्याने थांबवत लिहावा, हवा तितक्या वेळा मागे जावे आणि शेवटी मजकुराशी ताडून पाहावे. चुकलेल्या जागा केवळ दुरुस्त करून सोडू नयेत. तेथे खरोखर कोणता ध्वनी होता तो देवनागरीत, जसा ऐकू आला तसा, शेजारी लिहून ठेवावा. देवनागरी ही या कामात आपली मोठी सोय आहे, ती वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अशी वही भरत गेली की आपल्या चुका मोजक्याच जागी पुन्हा पुन्हा होतात हे ध्यानात येते. त्यानंतर तेच तुकडे वक्त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच लयीत, मोठ्याने म्हणावेत. ‘शुडव’ असे जो स्वतः म्हणू लागतो त्याला ते ऐकूही लवकर येते.

एकेका ध्वनीच्या जोड्यांवर मात्र फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे असले तरी बोलताना आपण ते सहसा सारखेच उच्चारतो, त्यामुळे ‘फिल’ आणि ‘फील’ किंवा ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ यांतील फरक आपल्या कानाला अवघड जातो. इंग्रजीतील दोन वेगळे ‘व’ ही आपल्याला एकच वाटतात. परंतु प्रत्यक्ष संभाषणात संदर्भ यांतील बहुतेक शंका मिटवतो. गळलेल्या छोट्या शब्दांच्या बाबतीत असे होत नाही, कारण काळ, होकार-नकार आणि कोणी कोणाला काय केले हे सगळे त्यांच्यावरच अवलंबून असते.

मनातल्या मनात भाषांतर करत राहणे

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ लगेच येते. ऐकलेले प्रत्येक वाक्य मराठीच्या क्रमात लावून घेणारा श्रोता पूर्ण वाक्य मनात धरून ठेवतो, त्याची उलटापालट करतो, आणि तेवढ्यात वक्ता पुढचे वाक्य बोलून मोकळा होतो. नकाराच्या बाबतीत हा क्रम अधिकच फसवतो. आपण म्हणतो, ‘मला वाटते तो येणार नाही’, आणि म्हणून आपला कान नकाराची वाट वाक्याच्या शेवटी पाहतो. इंग्रजी माणूस ‘आय डोन्ट थिंक ही इज कमिंग’ असे म्हणताना नकार आरंभीच, घाईत उरकून टाकतो. तो हुकला की ‘तो येतो आहे’ एवढेच हाती लागते.

यासाठी वाक्य संपण्याची वाट न पाहता ते तुकड्यातुकड्यांनी, आले त्या क्रमाने समजून घेण्याची सवय करावी लागते. मजकुराच्या प्रतीवर अर्थाच्या तुकड्यांपाशी उभ्या रेघा मारून ऐकणे, आणि नंतर रेघा नसलेल्या नव्या मजकुरावर तोच प्रयत्न करणे, हा सराव उपयोगी पडतो. मराठीत सारांश लिहिण्यास काहीच हरकत नाही, फक्त तो ध्वनिमुद्रण संपल्यावर लिहावा.

सबटायटल वाचून ऐकल्याचे समाधान मानणे

पडद्यावर अक्षरे असली की डोळा कानाच्या पुढे धावतो. भारतात हिंदी चित्रगीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखवण्याचा जो उपक्रम राबवला गेला, त्याचा हेतू प्रेक्षकांचे वाचन सुधारावे हाच होता. पडद्यावरील ओळींनी पहिला व्यायाम डोळ्यांना मिळतो, हे त्यामागचे गृहीतक होते. मग सबटायटल पूर्णपणे बंदच करावेत काय? तसेही नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डच प्रेक्षकांना अपरिचित ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश उच्चारांतील इंग्रजी चित्रफिती दाखवण्यात आल्या. ज्यांनी इंग्रजी सबटायटलसह त्या पाहिल्या त्यांना त्या वक्त्यांची नवी वाक्येही नंतर अधिक चांगली ओळखता आली, आणि ज्यांनी डच सबटायटलसह पाहिल्या त्यांची नव्या वाक्यांच्या बाबतीत पीछेहाट झाली. कारण उघड आहे. इंग्रजी अक्षरे कानाला ध्वनीची फोड करून देतात, मातृभाषेतील ओळी अर्थ आयता देऊन कानाचे काम काढून घेतात.

म्हणून इंग्रजी मालिका मराठी किंवा हिंदी ओळींसह पाहणे ही करमणूक समजावी. सरावासाठी आधी ओळींशिवाय, मग इंग्रजी ओळींसह आणि पुन्हा ओळींशिवाय असा क्रम ठेवावा. मधली पायरी गाळू नये, आणि तिच्यावर थांबूही नये.

चुकीचे साहित्य, चुकीचा वेग

पहिल्याच दिवशी हॉलिवूडचा चित्रपट लावणे हा उत्साहाचा अपव्यय आहे. चित्रपटात पार्श्वसंगीत असते, पात्रे एकमेकांचे बोलणे तोडतात आणि निम्मा अर्थ चेहऱ्यावर असतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाप्रमाणे बोली इंग्रजीतील ९८ टक्के शब्द ओळखीचे असण्यासाठी सहा ते सात हजार शब्दकुटुंबे (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कुटुंब) माहीत असावी लागतात. तेवढा साठा होईपर्यंत नियंत्रित साहित्य हाच शहाणपणाचा मार्ग होय. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीने १९५९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या श्रोत्यांसाठी ‘स्पेशल इंग्लिश’ हे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा शब्दसंग्रह सुमारे १५०० शब्दांपुरता मर्यादित ठेवला आणि वाचनाचा वेग नेहमीच्या सुमारे दोन-तृतीयांश केला. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या सहा मिनिटांच्या कार्यक्रमांना ट्रान्सक्रिप्टची जोड असते आणि त्यातील बोलणे नैसर्गिक वेगाच्या बरेच जवळ जाते.

यूट्यूबवर वेग ०.७५ करून ऐकणे अडलेली जागा सोडवण्यापुरते ठीक आहे. मात्र ‘टेलर’ सावकाश वाजवल्याने त्याचे ‘टेल हर’ होत नाही, तो सावकाश ‘टेलर’च राहतो. वेग हे मूळ दुखणे असते तर हा उपाय पुरेसा ठरला असता.

आपल्याला कोणाचे बोलणे ऐकावे लागणार आहे, याचाही विचार करावा. हिंजवडीत काम करणाऱ्याच्या कॉलवर टेक्सासचा ग्राहक जसा असतो तसा चेन्नईचा सहकारी आणि सिंगापूरचा व्यवस्थापकही असतो. अशा माणसाने केवळ अमेरिकी मालिका ऐकून चालत नाही. बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना कानात पॉडकास्ट लावणे आनंदाचे असेल, पण रोज पंधरा मिनिटे वही-पेन घेऊन केलेल्या कामाची जागा ते घेऊ शकत नाही.

परीक्षेत एका शब्दापाशी अडून बसणे

आयईएलटीएस या परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजी परीक्षेच्या श्रवण चाचणीत चार भाग आणि ४० प्रश्न असतात, ध्वनिमुद्रण सुमारे अर्ध्या तासाचे असते आणि ते एकदाच ऐकवले जाते. उत्तरे सर्वसाधारणपणे प्रश्नांच्याच क्रमाने येतात, त्यामुळे एक उत्तर हुकले तर ते तत्काळ सोडून पुढच्या प्रश्नावर नजर न्यावी, अन्यथा एका गुणापायी तीन गुण जातात. वक्ता आधी एक तारीख सांगून लगेच ती बदलतो, हा तेथील नेहमीचा सापळा आहे, म्हणून पहिला आकडा ऐकताच पेन खाली ठेवू नये. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कोणत्या अक्षरावर आहे ते पाहावे. ब्रिटिश माणसाचे ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे. फोन क्रमांकातील शून्याला तो बहुधा ‘ओ’ म्हणतो. स्पेलिंग चुकले तर बरोबर ऐकलेले उत्तरही चूक धरले जाते.

न कळताही ‘येस, येस’ म्हणणे

ध्वनिमुद्रणाला प्रश्न विचारता येत नाही, समोरच्या माणसाला येतो. पण नुसते ‘सॉरी?’ म्हटले तर तो तेच वाक्य तसेच, फार तर मोठ्या आवाजात, पुन्हा म्हणतो. त्याऐवजी कळलेला भाग स्वतः उच्चारून न कळलेल्या जागेवर बोट ठेवावे: ‘डिलिव्हरी मंगळवारी की गुरुवारी?’ असा दोन पर्यायांचा प्रश्न इंग्रजीत विचारला की उत्तर एका शब्दात आणि स्पष्ट मिळते. होकार-नकाराबद्दल शंका असेल तर ‘म्हणजे आपण ते करू शकणार नाही, असेच ना?’ असे विचारून घ्यावे.

दूरध्वनीवर अडचण वाढते, त्याचे एक कारण यंत्रातच आहे. पारंपरिक टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेतो, आणि ‘स’ व ‘फ’ यांचा वेगळेपणा बराचसा त्याच्या वर असतो. फोनवरील नाव किंवा सांकेतिक क्रमांक नीट ऐकू येत नसेल तर ‘एम फॉर मुंबई’ या धर्तीवर अक्षरे पडताळून घेणे योग्य, आणि शक्य असेल तेथे इंटरनेटवरील कॉल चांगल्या हेडफोनसह घ्यावा. गर्दीत किंवा पंख्याच्या आवाजात मराठी बोलणेही पुन्हा विचारावे लागत असेल, तर सरावाच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.