ओल्या प्लेटसाठी माणूस कसा बसवावा

कोलोडियनची, म्हणजे प्लेटवर थर देणाऱ्या चिकट द्रवाची, बाटली उघडण्याआधी चित्र पूर्ण ठरलेलं असायला हवं. ओल्या प्लेटवर, म्हणजे हा थर ओला असतानाच फोटो टिपून तो धुण्याच्या जुन्या पद्धतीने, वेशभूषेतलं, प्रसंग रचून केलेलं पोर्ट्रेट करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. काचेवर कोलोडियन ओतल्यापासून डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) धुऊन टाकेपर्यंत साधारण दहा मिनिटं मिळतात, हवा गरम आणि कोरडी असेल तर त्याहूनही कमी. थर वाळला की प्लेट गेली. तेवढ्या वेळात मुकुट सरळ करणं, खुर्ची हलवणं जमत नाही.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. रसायनं मोजून घेतली तर ती आजही तशीच चालते. कठीण भाग आहे माणसाचा, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

कोणाला कोण म्हणून बसवायचं हे ठरवताना देखणेपण बाजूला ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांनी आपल्या घरी कामाला असलेल्या मेरी हिलियर यांना कितीदा तरी मॅडोना (येशूची आई) म्हणून बसवलं, आणि त्या चित्रांची ताकद मेरी यांच्या शांत चेहऱ्यात आहे. पहिल्या प्लेटांसाठी एकच व्यक्तिरेखा घ्या: एक हावभाव, हातात एक वस्तू. गर्दीचं दृश्य नंतर करता येईल. छायाचित्रकार ऑस्कर रेयलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भव्य दृश्य उभं केलं होतं, पण त्या वाटेला लगेच जाऊ नका.

आता कपडे. ही प्लेट निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश पाहते. लाल, नारिंगी, पिवळा तिला जवळजवळ दिसतच नाहीत. लाल शालू काळा येतो, फिकट निळा सदरा पांढरा. लाल लिपस्टिक लावलेले ओठ काळे पडतात, निळे डोळे पारदर्शक वाटावेत इतके फिके होतात, त्वचेवरचे बारीक डाग ठळक उठतात. सनस्क्रीन अतिनील किरण शोषतं आणि चेहऱ्यावर काळपट पट्टे उमटतात, म्हणून बसणाऱ्याला चेहरा धुऊन यायला सांगा. रंगसंगतीपेक्षा पोत पाहा: मखमल, जाडंभरडं सूत, लेस, सुरकुतलेलं चामडं यांवर ही प्लेट जीव टाकते. कपडे फोनवर टिपून त्या फोटोतला फक्त निळा चॅनल कृष्णधवल करून पाहिला तर बराचसा अंदाज येतो. अतिनीलाचा भाग मात्र त्यात कळत नाही.

शिवाय काचेऐवजी धातूची प्लेट घेतली तर चित्र आरशासारखं उलटं येतं. अमेरिकेतला गुंड बिली द किड डावखुरा होता असा समज कित्येक वर्षं टिकला, तो त्याच्या अशाच एका टिनटाइपमुळे, म्हणजे धातूच्या प्लेटवरच्या फोटोमुळे. तलवार उजव्या हातात दिसायला हवी असेल तर ती डाव्या हातात द्या, आणि अक्षरं असलेली वस्तू दृश्यात ठेवूच नका. पारदर्शक काचेवर प्रतिमा घेतली तर ती काचेच्या बाजूने पाहून सुलट करता येते.

पोझ निवडताना माझी एकच कसोटी असते: शरीराला त्या अवस्थेत विसावता आलं पाहिजे. मोकळ्या सावलीत, मोठ्या छिद्राच्या भिंगाने, एक्स्पोजर बहुधा दोन ते दहा सेकंद लागतं. उगारलेला हात तेवढा वेळ थरथरतो, हसू ओघळतं. म्हणून हाताला टेबल द्या, हनुवटीला मूठ, पाठीला खुर्ची, आणि राजाचा हात राजदंडावर टेकू द्या. डोक्यामागे, केसांत लपेल असा टेकू लावा. तो डोकं पकडण्यासाठी नसतो. मान कुठे होती याची खूण त्याच्या स्पर्शाने बसणाऱ्याला मिळत राहते. पापणी लवली तर लवू द्या, क्षणभराची उघडझाप प्लेटवर उमटत नाही. टक लावून पाहिलं की डोळ्यांत पाणी येतं आणि भाव मरतो. ‘चेहऱ्यावर दुःख आणा’ असंही सांगू नका. त्या व्यक्तिरेखेच्या मनात आत्ता काय चाललंय ते एका वाक्यात सांगा आणि तेवढ्यावर सोडा.

फोकस डोळ्यांवर. मोठ्या प्लेटवर, जवळच्या चेहऱ्याला स्पष्टतेची खोली अगदी थोडी मिळते, म्हणून दोघं असतील तर चारही डोळे भिंगापासून सारख्या अंतरावर आणा. भिंगाला दोरा बांधून तो नाकाच्या शेंड्यापर्यंत ताणा आणि गाठ मारा. प्लेट होल्डर लावल्यावर फोकस पाहता येत नाही, तेव्हा ही गाठच कामी येते. खुर्चीचे पाय खडूने आखा. मग सगळं एकदा प्लेटविना करून पाहा, सेकंद मोठ्याने मोजत.

दिवसाचा प्रकाश सर्वांत चांगला, तोही एका बाजूने. पिवळ्या बल्बचा उपयोग नाही.

आता ओता. स्वच्छ घासलेल्या काचेच्या मध्यभागी कोलोडियनचं तळं करा, एकेका कोपऱ्याकडे झुकवा आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं बाटलीत परत घ्या. कोपरा बोटाला चिकट लागला, पण ओघळला नाही, की लाल दिव्याखाली प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या सुमारे नऊ टक्के द्रावणात बुडवा. तीनेक मिनिटांनी ती बाहेर येते तेव्हा थर दुधावरच्या सायीसारखा दिसतो. ही तीन मिनिटं बसणाऱ्याला मोकळं सोडा. मान फिरवू द्या, श्वास घेऊ द्या. तुम्ही होल्डर घेऊन बाहेर आलात की त्याने जागेवर यायचं. दोरा लावून पाहा, काढा, भिंगाचं झाकण उघडा.

डेव्हलपरसाठी ३५० मिलिलिटर पाण्यात १५ ग्रॅम फेरस सल्फेट, साधारण १५ मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि तेवढंच अल्कोहोल. तो एका झोतात प्लेटवर पसरवा आणि प्लेटवरच राहू द्या. वाहून गेला तर चांदीही जाते. पंधरा सेकंदांच्या आसपास कपाळ आणि गालाचे मध्यम छटांचे भाग दिसले की लगेच पाणी, तेलकट रेघा जाईपर्यंत. फिक्सिंगला, म्हणजे चित्र कायम करताना, बसणाऱ्याला बोलवा. हायपोमध्ये (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) निळसर धुकं विरतं आणि चेहरा वर येतो. जुने लोक त्याऐवजी पोटॅशियम सायनाइड वापरत. तुम्ही वापरू नका, आम्लाशी गाठ पडली की त्यातून प्राणघातक वायू सुटतो. सिल्व्हर नायट्रेट हाताळताना गॉगल हवाच, कारण डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. कोलोडियनमधल्या ईथरची वाफ पेट घेते, म्हणून खोलीत ज्योत नको आणि हवा खेळती हवी.

नीट धुऊन, वाळवून सँडरॅक या राळेचं वॉर्निश द्या, नाहीतर चांदी काळवंडत जाते. दुसरी प्लेट ओतण्याआधी पहिली बसणाऱ्यासोबत पाहा आणि एकच गोष्ट बदला: प्रकाश, हात किंवा वेळ. प्लेट फार गडद आली असेल तर आधी एक्स्पोजर वाढवा, डेव्हलपरला हात लावू नका.