पायथन २ वरून ३ वर येताय? या चुका टाळा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. आधी २०१५ साल ठरलं होतं, मग पाच वर्षं वाढवून दिली. तरी जुने प्रोग्रॅम माझ्याकडे अजून येतात आणि चुकाही त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘एरर गेली, काम झालं’ असं मानणं. पायथन ३ ला लागणारे कंस प्रिंटला घातले की नवशिक्यांना घाई सुटते. एरर देणारी चूक निदान दिसते, गप्प बसणारी घात करते. ५ भागिले २ जुन्यात २ यायचे, नव्यात २.५ येतात. राउंड केल्यावर २.५ चे जुन्यात ३ व्हायचे, नव्यात २ होतात, कारण बरोबर अर्ध्यावरची संख्या आता जवळच्या सम संख्येकडे जाते. पैशांचा हिशेब असेल तर प्रत्येक भागाकार स्वतः वाचा. मी वाचतोच.

दुसरी चूक मराठी मजकुराची. एका पतसंस्थेसाठी आम्ही ठरावीक रुंदीच्या रकान्यांची फाइल बनवायचो, नावाला ६० बाइट. पायथन ३ वर आणलं, चाचणी पास झाली, फाइल पाठवली आणि समोरून फोन आला की खाते क्रमांक सरकलेत, तेही प्रत्येक ओळीत वेगवेगळे. रात्री दहापर्यंत शोधत होतो. जुनं पायथन ‘सविता’ची लांबी १५ बाइट मोजून पुढे ४५ जागा सोडायचं. नवं पायथन पाच अक्षरचिन्हं (स, व, त, वेलांटी आणि काना, प्रत्येकी तीन बाइटांची) मोजून ५५ सोडतं. ओळ दहा बाइटांनी लांबली. चाचणीत सगळी नावं इंग्रजीत टाकली होती, म्हणून कुणाला कळलं नाही. आता मी नाव आधी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) वापरून बाइटमध्ये बदलतो, मगच रकाना भरतो. आणि चाचणीला जोडाक्षरांची मराठी नावं घेतल्याशिवाय फाइल पाठवत नाही.

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवरचं मूळ पायथन २ काढू नका. तिथे सॉफ्टवेअर बसवणारं ‘यम’ (yum) त्यावरच चालतं.

टू-टू-थ्री (2to3) या जुना कोड आपोआप नव्यात बदलणाऱ्या साधनावर सगळा भार टाकू नका. ते वाक्यरचना बदलतं, तुमचा हिशेब त्याला कळत नाही. पायथन ३.१३ मधून तर ते काढूनच टाकलंय.

जुना प्रोग्रॅम लगेच पुसू नका. मी महिनाभर दोन्हींना रोज तीच माहिती देतो आणि निघालेल्या फाइली बाइट-बाइट ताडून बघतो. महिनाअखेरीचं व्याज जुळलं की मगच जुना बंद.